न पेटवलेलं निरांजन

आमचे काका देवाला घाबरत नाहीत, पोलिसाला घाबरत नाहीत आणि मावशीलाही घाबरत नाहीत (हे शेवटचं त्यांचं स्वतःचं मत). पण गाडीच्या बॅटरीला ते इतके वचकून असतात, की अख्ख्या मराठवाड्यात एखाद्या निर्जीव वस्तूचा एवढा मान दुसऱ्या कुणी ठेवला नसेल. बॉनेट उघडण्याआधी ते त्यावर दोन बोटांनी टकटक करतात. आत कुणी झोपलं असेल तर दचकू नये म्हणून, असं मी पहिले काही महिने गंमतीनं मनात म्हणायचे. पुढे कळलं की खरंच तसंच आहे. थंडीत इंजिनाच्या उबेला मांजर येऊन झोपतं. काकांच्या प्रत्येक वेडेपणाला असं एखादं पटण्यासारखं कारण असतं, आणि त्यांच्याबरोबर राहण्यातली मुख्य अडचण हीच आहे. नुसता वेडा माणूस असता तर सरळ हसून मोकळं होता आलं असतं.

काका म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे यजमान. मला इथे नोकरी लागली आणि मी मुकुंदवाडीत त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा आमची पहिली भेट घरात झालीच नाही, खाली पार्किंगमध्ये झाली. ते त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेले होते. मी नमस्काराला वाकणार तोच त्यांनी मागे न बघता हात वर केला.

"हातात काय आहे?"

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"ते नाही. धातू काय आहे?"

मनगटात घड्याळ होतं, बोटात आईनं दिलेली अंगठी होती, गळ्यात बारीक चेन. काकांनी पायाजवळचा पोळ्यांचा डबा माझ्यासमोर धरला आणि झाकण उघडलं. अनोळखी माणसानं दागिने मागितले तर द्यायचे नाहीत, एवढं शाळेत शिकवलं होतं; मावशीचे यजमान मागत असतील तर काय करायचं, ते शिकवलं नव्हतं. शिवाय मी मुळात कमी बोलणारी. सगळं काढून डब्यात ठेवलं आणि लुटल्यासारखी मोकळ्या हातांनी वर गेले. मावशीनं दार उघडलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "घेतलं काढून? आसू दे. पोळ्या करायच्या टायमाला डबा येतोच वर."

घरात त्या डब्याला 'जप्ती' म्हणतात. सोसायटीतला एकही माणूस त्यातून सुटलेला नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये एक प्लॉटिंगवाले भाऊ राहतात. दोन चेन, एक जाड ब्रेसलेट आणि जवळजवळ सगळ्या ग्रहांच्या अंगठ्या, असा त्यांचा रोजचा पोशाख. एकदा त्यांची मोठी गाडी सुरू होईना, तेव्हा त्यांनी काकांना खाली बोलावलं. त्यांचं सोनं उतरवण्यातच एवढा वेळ गेला की खाली आलेली मुलं कंटाळून परत खेळायला गेली. शेवटी ताईत राहिला. "काका, आईनं बांधलाय, हा तरी राहू द्या," भाऊ कळवळून म्हणाले. काकांनी विचारलं, तांब्याचा आहे का? आहे, म्हणाले. "मग तुम्ही जगावं अशीच आईची इच्छा असणार. काढा."

या सगळ्यामागे काकांच्या अनामिकेभोवतीचा पांढरट वळ आहे. दुरून पाहिलं तर चांदीची अंगठी वाटते. लग्न नवीन होतं, काका पहिल्यांदाच अजिंठ्याकडे सासुरवाडीला गेले होते, आणि सासऱ्यांची जीप चालू होत नव्हती. जावई शहरातला, सरकारी कचेरीत बाबू. आपल्याला यंत्रातलं कळतं हे दाखवायची अशी संधी परत कधी येणार? त्यांनी पाना घेतला आणि बॅटरीचा लाल बाजूचा नट आवळायला लागले. पाना आणि जीपचं लोखंड यांच्यामध्ये नेमकी लग्नातली नवी अंगठी आली. बॅटरी बाराच व्होल्टची, तिला हात लावला तर झटकासुद्धा बसत नाही, म्हणून लोक तिला गरीब समजतात. पण धातूची वाट मिळाली की ती पोटातलं सगळं एकदम त्या वाटेनं सोडते. अंगठी क्षणात लाल झाली आणि बोटातून निघेना. काका सांगतात तेव्हा इथे थांबतात आणि विजेबद्दल बोलायला लागतात. मावशी सांगते तेव्हा थांबत नाही. "माझ्या बापानं सोनं दिलं, ह्यांनी त्याची डागणी करून घेतली. आमच्यात जनावराला डाग देत्यात, जावयाला नाय."

तेव्हापासून काका अंगावर धातू ठेवत नाहीत. त्यांच्या पट्ट्याची बकलसुद्धा प्लास्टिकची आहे. पान्यांच्या दांड्यांना त्यांनी इतक्या वेळा चिकटपट्टी गुंडाळली आहे की ते आता पट्टी बांधलेल्या पेशंटसारखे दिसतात. बॅटरीच्या कामाचा एक वेगळा शर्ट आहे. ॲसिडच्या थेंबांनी त्याला इतकी भोकं पडली आहेत की मावशी त्याला पिठाची चाळणी म्हणते. जवळ पाण्यानं भरलेली बादली असल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही, कारण ॲसिड उडालं तर आधी भरपूर पाणी आणि बाकीचं सगळं नंतर. सांडलेल्या ॲसिडवर टाकायला खायचा सोडा लागतो, म्हणून गाडीच्या डिकीत, चपलांच्या कपाटात आणि स्कूटरवर सोड्याच्या पुड्या असतात. या घरात सोडा नसतो तो फक्त स्वयंपाकघरात. मावशीचा ढोकळा पाहिला की कळतं.

आणि गॉगल. काळा नव्हे, चारी बाजूंनी बंद असलेला पारदर्शक, रबरी पट्ट्याचा, प्रयोगशाळेत घालतात तसला. बाकीच्यांच्या गळ्यात तुळशीमाळ असते, काकांच्या गळ्यात तो असतो. "हात भाजला तर कातडी परत येते," ते प्रत्येकाला बजावतात, "डोळा परत येत नाही." हे वाक्य त्यांनी दूधवाल्याला, वॉचमनला, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला आणि एकदा कारण नसताना डोळ्यांच्या डॉक्टरांनाही ऐकवलं आहे.

जालना रोडवरच्या एका कार्यालयात नात्यातलं लग्न होतं. सकाळभर मित्रांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीत इंजिन बंद ठेवून गाणी वाजवली, आणि वरात निघायच्या वेळी गाडी गप्प. कुणीतरी दुसरी गाडी शेजारी आणली, केबल आणली. त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी बरोबर त्या दोन उघड्या बॉनेटांच्या मध्ये फटाक्यांची लड पसरली. काका पंगतीतून उठले. एका हातात अर्धी जिलबी होती, तरी त्यांनी आधी लड उचलायला लावली, मग बँड मागे हटवला, मग विडी ओढणाऱ्या तिघांना रस्त्यापलीकडे पाठवलं. केबलचं लाल टोक लालला, मग काळं चांगल्या बॅटरीला, आणि शेवटचं काळं टोक बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी पडलीच तर तिकडे पडू दे. नवरदेव उत्साहानं वाकून बघत होता. काकांनी गळ्यातला गॉगल काढून मुंडावळ्यांवरून त्याच्या डोळ्यांना चढवला. नेमका तेवढ्यात फोटोग्राफर आला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्यात मोठा फोटो तो आहे. मुलाकडच्यांना काका मुलीकडचे वाटले होते आणि मुलीकडच्यांना मुलाकडचे, म्हणून कुणी अडवलं नाही. गाडी सुरू झाल्यावर काका हात धुऊन पुन्हा पंगतीत येऊन बसले, तर त्यांचं ताट उचललेलं होतं.

पण काकांचा खरा सण दसरा. गावभर लोक गाड्या धुतात, झेंडूच्या माळा घालतात, बॉनेट उघडून आत हळदकुंकू वाहतात. आणि नेमकी इथेच काकांची झोप उडते. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. दिसत नाही, वास येत नाही, ठिणगी मिळाली तर फुटतो, आणि बॅटरी फुटली तर आतलं ॲसिड तोंडावर. आपण मात्र त्या दिवशी नुकत्याच चालवून बॅटरी चार्ज झालेल्या गाडीपुढे भक्तिभावानं दिवा धरतो. एका दसऱ्याला भाऊंनी तर कमाल केली. उदबत्त्यांना घर हवं म्हणून अर्धं केळं घेतलं, त्यात पेटलेल्या उदबत्त्यांचा झुबका खोचला आणि ते केळं बॅटरीच्या डोक्यावर, दोन टोकांच्या बरोबर मध्ये, व्यवस्थित बसवलं. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काकांना फक्त धुराची रेघ दिसली. ते नुकतेच आंघोळ करून आले होते. पंचा नेसलेला, गळ्यात गॉगल, अशा अवतारात ते जिना उतरले, ते केळं उचललं, हात लांब धरून फाटकापर्यंत नेलं आणि वॉचमनच्या खुर्चीसमोर ठेवलं. त्या वर्षी आमच्या सोसायटीत त्या खुर्चीची पूजा झाली. भाऊ म्हणाले, "काका, देवाचं काम आहे." काका म्हणाले, "देवाकडं जायचं काम आहे हे."

या धोरणाची सगळ्यात जुनी बळी आमची मावशी. लग्न झाल्यापासून घरात जी काही गाडी आली, तिला दसऱ्याला मावशी ओवाळते, पण न पेटवलेल्या निरांजनानं. चांदीचं निरांजन, तुपात भिजवलेली फुलवात, सुपारी, अक्षता, सगळं साग्रसंगीत. फक्त काडी ओढायची नाही. काकांनी एकदा तडजोड म्हणून पार्किंगमध्ये खडूनं रेघ मारून दिली होती, की हिच्या पलीकडून खुशाल पेटवून ओवाळ. मावशीनं ती रेघ पाहिली आणि म्हणाली की इतक्या लांबून ओवाळलं तर ते भाऊंच्या गाडीला लागतंय. पेट्रोलचं काय, ते नाही का पेटत, असंही तिनं विचारून पाहिलं. पेट्रोल पाइपात असतं, गुमान, काका म्हणाले. हा गॅस मोकाट. त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं: "दिवा पेटवला नाय तर त्याला ओवाळणं म्हनत नाय. हात फिरवणं म्हनत्यात." मग ती हात फिरवायची. आपट्याची पानं वाटताना काका मात्र खुशीत असायचे. सोन्याच्या सगळ्या प्रकारांत त्यांना चालणारं सोनं तेवढंच.

मागच्या उन्हाळ्यात काकांनी फाटकाचा खांब घासला. खांब पुढे आलाय, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग भाऊंच्या मुलाची स्कूटर पाडली. ती वाकडी लावली होती म्हणे. मग जेवताना मी बाजूला ठेवलेल्या वाटीवर त्यांचा हात गेला, आमटी सांडली आणि मावशीनं न रागावता ती पुसली. मी कमी बोलते म्हणून मला दिसतं जास्त. काका आता वळून बघायला लागले होते, डोळ्यांऐवजी मान फिरवत होते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, कडांचं हळूहळू जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी सांभाळायचं. गाडी चालवायची नाही. घरी येताना रिक्षात काका मांडीवर गॉगल घेऊन बसले होते. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "बाहेरून उडणाऱ्याचा बंदोबस्त केला होता मी."

त्यांचा मुलगा, आमचा दादा, पुण्याला असतो. त्याचा रविवारचा फोन स्पीकरवर असतो. त्यानं चांगल्या शब्दांत, काळजीनं, सांगितलं की गाडी विकून टाकू. लागली तर टॅक्सी फोनवर बोलावता येते, दाराशी उभी राहते. काकांकडे प्रत्येक वाक्याला उत्तर असतं. त्या दिवशी ते चष्मा पुसत राहिले. मावशीच म्हणाली, "इकून टाक म्हनतोस. मग ह्यांनी दिवसभर कुनाला घाबरायचं?" दादा हसला, पण मुद्दा सोडला नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "मी चालवते." घरातला फ्रिज बोलावा तसे दोघंही माझ्याकडे बघायला लागले. तिकडून दादा म्हणाला, "कोण बोललं?"

माझ्याकडे लायसन्स होतं. गर्दीत गाडी घालायचं धाडस नव्हतं, हे दादालाही ठाऊक होतं. तो म्हणाला, दसऱ्याला येतो, तोवर बघ जमतंय का. नाहीतर माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. अशी दसऱ्याची मुदत पडली. काकांना गाडी ठेवायची होती आणि ती माझ्या हातात होती, असा विचित्र प्रसंग. दुसऱ्या दिवशी पहाटे मी किल्ली घेऊन खाली गेले, तर काका बॉनेट उघडून उभे. "स्टेअरिंग नंतर. आधी बॅटरी."

मग सगळा पावसाळा मला रोज सकाळी तेच. बॅटरीचे नट काढताना काळा आधी, लावताना काळा शेवटी. पाना बॅटरीवर ठेवायचा नाही, अगदी क्षणभरही नाही. उचलताना दोन्ही हातांनी, सरळ, छातीला न टेकवता. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. मला पाढे अजून अडखळत येतात, पण "काळा आधी, काळा शेवटी" मी झोपेतही म्हणते, असं मावशी सांगते. बॅटरीनंतर कधीतरी स्टेअरिंग आलं. काका डावीकडे बसायचे, उजवीकडचं त्यांना नीट दिसायचं नाही, म्हणून ते मला विचारायचे, उजवीकडं कोण आहे? मी सांगायचे, बस आहे. "केवढी?" मोठी आहे. "मग तिला जाऊ दे." या एका तत्त्वावर मी मोंढा नाक्यापर्यंत जाऊन यायला शिकले.

दसऱ्याला दादा आला. सकाळी गाडी धुतली, माळ घातली, मावशी ताट घेऊन उतरली. मी किल्ली फिरवली आणि गाडीनं नुसतं टक् केलं. पुन्हा टक्. काकांनी बॉनेटवर कान ठेवला आणि निदान सांगितलं: बॅटरी. म्हातारी गेली. दादानं घड्याळ पाहिलं. म्हणूनच म्हणतो पप्पा, तो म्हणाला, आवाज न चढवता, आणि त्या न चढवलेल्या आवाजामुळे काका जरा लहान दिसले.

मी शहागंजच्या बॅटरीवाल्याला फोन केला. काकांचा जुना माणूस. स्कूटरवर नवी बॅटरी बांधून आला आणि आमच्या फाटकाबाहेरच त्यानं विडी विझवली. "काका के गेट के अंदर बीडी नक्को," तो दादाला समजावून म्हणाला, एखाद्या दर्ग्याचा नियम सांगावा तसा. मग माझ्याकडे बघून, "हटो आपा, मैं लगा देतूं ना, दो मिनट का काम है."

काका पाना घेऊन पुढे वाकले. पान्यानं नट शोधला, सापडला नाही, बाजूला घसरला. परत शोधला. आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. काका सरळ झाले, गळ्यातला गॉगल काढला आणि मला दिला. "ती करंल," ते बॅटरीवाल्याला म्हणाले.

मी आधीच सगळं जप्तीत टाकलेलं होतं. दादा मदतीला म्हणून वाकला, मनगटावर जाड स्टीलचं घड्याळ. मी डबा उचलून त्याच्यासमोर धरला.

"घड्याळ," मी म्हणाले.

"अगं, मी फक्त धरतोय."

"घड्याळ काढ, दादा. अंगठीपण."

त्यानं काकांकडे पाहिलं. काका आभाळाकडे बघत होते. दादानं काढून ठेवलं.

काळा आधी. नट गंजला होता, वेळ लागला, कपाळावरचा घाम गॉगलच्या रबरात साठला. मग लाल, मग बॅटरी जागेवर धरून ठेवणारी पट्टी. दोन्ही हातांनी, सरळ. दादा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, म्हातारी बाहेर निघाली आणि बॅटरीवाला तिला फाटकाबाहेर स्कूटरपाशी घेऊन गेला. नवीही अजून तिकडेच होती. मी हात धुतले आणि गॉगल काढून काकांच्या गळ्यात परत घातला. त्यांनी सवयीनं तो डोळ्यांवर चढवला. बॉनेटखाली आता एक चौकोनी रिकामी जागा उरली होती. काकांनी त्या जागेवरून हात फिरवला. मग मान वळवून मावशीला शोधलं.

"आता पेटव," ते म्हणाले.

मावशीला आधी कळलं नाही. मग तिनं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि तिचा हात ताटात काडेपेटी शोधायला लागला. ताटात काडेपेटी नव्हतीच. इतक्या वर्षांत ती कधी ठेवलीच नव्हती. शेवटी बॅटरीवाल्यानं फाटकाबाहेरून आपली विडीची काडेपेटी दिली. मावशीनं काडी ओढली. ती काकांच्या डाव्या बाजूला उभी होती, आणि काका सरळ समोर बघत होते.

"पेटलं का?"

तिसऱ्या मजल्यावरून ज्यांना उदबत्तीचा धूर दिसायचा, त्यांनी हे विचारलं. दादानं मान खाली घातली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. गाडी आता विकली जाणार नव्हती, हे मात्र मला तेव्हा कळलं.

मावशी दोन पावलं चालून त्यांच्यासमोर आली, आणि गाडीकडे न वळता निरांजन त्यांच्याच तोंडाभोवती फिरवायला लागली. गॉगलच्या दोन्ही काचांत एकेक ज्योत हलत होती.

"गाडी तिकडं आहे," काका म्हणाले.

"ठावं हाय मला."

काकांनी हनुवटी जरा मागे घेतली. मग म्हणाले, "बरं. जरा लांब धर."

मावशीनं निरांजन आणखी थोडं जवळ नेलं.